अकरा दिवसांचं गणित

अविनाशदादा,

माय गेली त्याला आज तीन महिने झाले. खामगावच्या दवाखान्यातून तू फोन केला होतास, "अर्पे, माय तुलेच इचारून राह्यली. येतं का?" मी म्हणाले, सुट्टी मिळत नाही. ते खोटं होतं. माझ्या सरांनी स्वतःहून सांगितलं होतं, घरी जा.

इथे जर्मनीत मी बॅटरीसाठी नवा पदार्थ शोधते. तो टिकेल की तडकेल, हे बनवण्याआधी संगणकावर पाहते. तेव्हा असंच अकरा दिवसांचं गणित लावलेलं होतं. ते आपोआप चालतं, दादा. माझी तिथे गरजच नव्हती. पण मायला जाताना बघायची मला भीती वाटली, म्हणून मी रोज त्या पडद्यापुढे बसून राहिले.

तेरवीला मी आले नाही म्हणून मामी माझ्या नावानं बोलल्या, तेव्हा तू म्हणालास म्हणे, "तिले सुट्टीच नाही भेटली, ते काय करीन?" त्या दिवसापासून तू मामीशी बोलत नाहीस. हे पत्र धाडलं, तर मामीच बरोबर होत्या हे तुला कळेल, आणि तू त्यांच्यापुढे खोटा पडशील.

काल तू विचारलंस, "वर्षश्राद्धाले तरी येशीन ना?" मी हो म्हणाले. खरंच येईन का, ते मलाही ठाऊक नाही.

तुझी,
अर्पी