सुमनची कंबर

मंगळवार, संध्याकाळ

आजची लाज कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितोय. माझ्या बायकोला, सुमनला, नैराश्याचा आजार आहे. मंचरचे डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या चालू ठेवा, पण जोडीला समुपदेशक बाईंशी बोलणंही हवं. मी तेव्हा हसलो होतो. "बोलायला मी आहे की!"

शेवटी आज मंचरला नेलं. ती आत बाईंपाशी, मी बाहेर बाकावर, मधे नुसतं प्लायवूड. पाण्याची मोटार लांबून ऐकून बेअरिंग गेलंय हे सांगणारे माझे कान, ते काय गप्प बसतात?

"ताई, गोळ्यांनी झोप लागती आता. पण ह्यांनी गावात सांगितलंय की माझी कंबर दुखती. मग मी कंबर धरून चालते. एकदा विसरले, तर शेजारच्या मावशी म्हणाल्या, आज लई टुणटुणीत! तवापासनं बाहेर जायचंच सोडलं."

कंबर. माझ्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात कुणी तिची चौकशी केली की मी वर विनोद करायचो. "आमच्या मंडळींचं बेअरिंग जुनं झालंय, राव." सगळे हसायचे. मीही.

परतताना नारायणगाव सोडल्यावर ती म्हणाली, "अहो, मावशींना खरं सांगू का?"

"आज नको," मी म्हणालो. का नको? तिच्यासाठी, का दुकानातल्या माणसांपुढं माझी पत राहावी म्हणून?

पिंपळवंडीत घरापुढं गाडी थांबवली. अंगणात कुणीच नव्हतं. तरी उतरताना तिचा हात कंबरेवर गेला.