पेनीचे हातमोजे

प्रिय मेलेआने,

आज दुपारी जेवायला सगळ्यांत आधी आला तो उआतेसोनी, आणि तोही आमच्याकडे नाही, शेजारी लावीनियाकडे! चर्चमधून येऊन मी कमरेला गुंडाळलेली मानाची चटईसुद्धा सोडली नव्हती, तोवर कुंपणापलीकडून लावीनिया ओरडली, "सेला, तुझा पाहुणा माझ्या घरी जेवत बसलाय गं!" जाऊन बघते तर हा म्हातारा मांडी ठोकून तिच्या अळूच्या पानांतलं मांस निम्मं संपवून बसलेला. वर म्हणतो कसा, "आज सेलाच्या हाताला काय चव आलीय!" लावीनियाला राग यावा की आनंद व्हावा ते कळेना. दुपारपासून ती माझ्याशी जरा ताठच आहे. तर त्याला हाताला धरून आमच्या घरी आणला, आणि इथे पुन्हा पहिल्यापासून जेवला, देवाशपथ. कोनफळाचा मोठा तुकडा मी तुझ्या भावासाठी बाजूला ठेवला होता, तोही गेला.

मग आला सालेसी, तो रेडिओवर कुस्त्या-ठोसेबाजीच्या बातम्या सांगतो तो. रेडिओवर त्याचा आवाज भारदस्त वाटतो, पण समोर बसला की नाकात बोलतो आणि कोंबडीचं हाड चोखताना आवाज करतो. सगळ्यांत शेवटी हावेआ, आपल्या सरदारांच्या वतीनं भाषणं करणारा मानकरी. त्यानं कोपऱ्यात कुटून प्यायच्या कावाच्या मुळ्यांची भली मोठी जुडी ठेवली, तेव्हाच मी ओळखलं की ही मंडळी नुसती जेवायला आलेली नाहीत, काहीतरी मागायला आली आहेत. रविवारचं काही काम करता येत नाही, उठून जाताही येत नाही, त्यामुळे बसले ऐकत. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत बोलत होते गं. कान किटले माझे.

विषय कुठला, ते तुला सांगायला नकोच. आपला पेनी, तुझा भाचा. पेनी आता ठोसेबाजी सोडणार हे ऑकलंडच्या पेपरात आल्यापासून या गावात दुसरा विषयच नाही. दुकानात मीठ आणायला गेलं तरी तेच. सालेसी सुरू झाला, "आजी, पेनी कधी हरला नाही हे कबूल. पण कुणाकुणाशी हरला नाही, ते बघायला नको का?" आणि मग एकेकाला धरून सोलायला लागला. अमक्याला हरवलं, पण तो म्हातारा झाला होता. तमक्याला हरवलं, पण त्याचा खांदा दुखत होता. तो फिजीचा, तो नुसता पैशासाठी उभा राहिला होता. मी म्हटलं, "सालेसी, बाबा, मग पेनीच्या नाकाचं हाड काय वाऱ्यानं मोडलं?" सगळे हसले. सालेसीही हसला, पण ऐकतोय कुठला! त्याचं सगळं घोडं त्या ऑस्ट्रेलियातल्या डावखुऱ्यापाशी अडलेलं. पेनी त्याच्याशी कधी लढलाच नाही, म्हणून पेनीच्या नावाला कायमचा एक "पण" लागणार. हावेआ म्हणाला, "अरे, पळाला तो डावखुराच! आपला पोरगा कशाला पळेल?" सालेसी म्हणाला, "पळाला कोण ते रिंगणात कळतं, जेवणाच्या चटईवर नाही." मग हावेआ त्याच्या ठेवणीतल्या भाषणाच्या आवाजात बोलायला लागला. पूर्वजांपासून सुरुवात केली. मी तेवढ्यात एक डुलकी काढली असेन.

आणि मधेमधे उआतेसोनी. त्याची ती फिजीतल्या सुव्हा शहराची गोष्ट तुला आठवते ना? "मी सुव्हाला एकाला असा ठोसा दिला, असा ठोसा दिला, की तो आईच्या नावानं रडला, आणि मग माझ्याच आईच्या नावानं!" तुम्ही लहान असताना ही गोष्ट ऐकून लोळून हसायचात. आज त्यानं ती सांगितली, आम्ही हसलो. चहा झाला, पुन्हा सांगितली. कावा ढवळेपर्यंत पुन्हा. तशीच, हात तसाच वर नेऊन. शेवटी सालेसीच त्याच्या आधी शेवट बोलून मोकळा झाला, तर म्हातारा थक्क होऊन त्याच्याकडे बघतो, "तू होतास का रे तिथे?" हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

असो. मुद्द्यावर येते. यांचं ठरलंय की पेनीनं असं घरबसल्या थांबायचं नाही. त्या डावखुऱ्याला इथे आणायचं, राजधानीत, नुकुआलोफाच्या मैदानावर रिंगण बांधायचं, सगळ्या थोरामोठ्यांसमोर एक शेवटची लढत करायची, म्हणजे तो "पण" पुसला जाईल. जशी काही जगात एखाद्याच्या नावाला "पण" नसतोच! तुझ्या बापाच्या नावाला किती "पण" होते, तरी मी उभा जन्म काढलाच ना त्याच्याबरोबर? आणि सुखात काढला. हे मी त्यांना म्हटलं, तर हावेआ म्हणतो, "आजी, संसार वेगळा आणि कीर्ती वेगळी." मला तर त्याच्या डोक्यावर पातेलं ठेवावंसं वाटलं.

सरदारांनी हो म्हटलंय. पाद्रीबाबांनी हो म्हटलंय, रिंगणात उतरायच्या आधी प्रार्थनाही तेच म्हणणार आहेत. आणि तुझा भाऊ, माझा शहाणा मुलगा काफोआ! कावाच्या बैठकीत चार वाट्या पोटात गेल्यावर म्हणाला, "बापाची काही हरकत नाही." बापाची हरकत नाही! मार कोण खाणार आहे, बाप? आता माझ्याकडे कशाला आले, तर पेनी पहिल्यापासून रिंगणात माझ्या हातची चटई कमरेला बांधून उतरतो, तर शेवटच्या लढतीला नवी विणून द्या म्हणे, बारीक पातीची. मी म्हटलं, बघते. बोटं दुखतात म्हटलं. बोटं काही दुखत नाहीत, परवाच दोन टोपल्या विणल्या.

मेलेआने, तुला आठवतं का, पेनीकडून तू ओळी पाठ करून घ्यायचीस ते? मे महिन्यातल्या मुलांच्या रविवारी चर्चमध्ये म्हणायच्या त्या. उलट्या बादलीवर उभा करायचीस त्याला, आणि चुकला की म्हणायचीस, "आत्या परत ऐकणार." तो रडायचा नाही, फक्त नाक ओढायचा आणि पहिल्यापासून म्हणायचा. गावातल्या कुठल्याही पोराला इतकं पाठ नव्हतं. पांढऱ्या कपड्यांत उभा राहिला की एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाद्रीबाई म्हणायच्या, हा पोरगा पाद्री होणार. झाला काय, ते बघतेच आहेस.

यंदाच्या मे महिन्यात तो लेकीला, लेसीएलीला घेऊन आला होता, हे तुला फोनवर सांगितलं होतं. काय दिसत होती पोर! डोक्यात फुलं, मोजे गुडघ्यापर्यंत, आणि तिला तेच दिलं होतं जे तू पेनीकडून घोटून घेतलं होतंस. माझं मन इतकं भरून आलं की मी तोंड पुसायच्या निमित्तानं पूर्ण रुमाल भिजवला. तर मधे ती एका ओळीवर अडकली. पेनी पहिल्याच बाकावर. पुढे वाकला, तोंड उघडलं, तिला पुढचा शब्द द्यायला. आणि तसाच राहिला. तोंड उघडं, शब्द नाही. मागच्या बाकावरच्या बायकांनी हाताआड हसायला सुरुवात केली. लेसीएलीचं तिचं तिला आठवलं, ती पुढे म्हणून मोकळीही झाली. पेनी सगळ्यांकडे बघून हसला, हात हलवला. बाहेर आल्यावर लोक म्हणाले, बापाला आनंदानं सुचेना झालं. मीही तेच म्हटलं. मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

घरी आल्यावर तो आतल्या खोलीत बराच वेळ होता. जाऊन बघते तर शर्टाची बटणं काढायला बसलाय. डावा हात ऐकेना. मीच पुढे झाले. लहानपणी काढायचे तशी काढली. तो म्हणाला, "आजी, थंडीनं बोटं आखडलीत." मे म्हणजे आपल्याकडे हिवाळ्याची सुरुवात गं, पण इथे कसली थंडी! मी म्हटलं, हो, थंडी आहे खरी.

तू म्हणशील, आई, माणसं विसरतात, तूसुद्धा चष्मा डोक्यावर ठेवून शोधतेस. शोधते. पण मी कधी ठोसे खाल्ले नाहीत. सालेसीला मी हेच विचारणार होते, तोंडापर्यंत आलं होतं. बाबा, तू सगळं मांडतोस, किती लढती जिंकल्या, कितव्या फेरीत जिंकल्या, कुणाला आडवं केलं. पण जो जिंकतो त्याला काय कमी ठोसे लागतात? ते कुणीच कुठे धरत नाही. पेनी एकदाही खाली पडला नाही म्हणून हे सगळे छाती फुगवतात. मला उलट वाटतं, एकदा लवकर पडला असता तर बरं झालं असतं.

निघताना काय झालं ते सांगते. हावेआ आणि सालेसी दारात चपला शोधत होते. उआतेसोनीनं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे हात अजून केवढे मोठे आहेत! मला म्हणाला, "छान जेवण झालं, सेला. एक विचारू? हा पेनी पेनी म्हणतात, तो कुणाचा गं मुलगा?" दुपारभर त्याच्याच नावानं भांडून! सालेसी तर हसून खांबाला टेकला. हावेआ म्हणाला, "म्हातारा आज रंगात आहे." मलाही हसू आलं, सवयीनं. या गावात उआतेसोनीला बघून हसायची आपल्याला किती वर्षांची सवय आहे. मग ते गेले, आणि मी भांडी तशीच टाकून अंगणात बसले. मला आठवलं, उआतेसोनीही आपल्या मातीत कुणाकडून हरला नव्हता. माझं लग्न झालं त्या वर्षी तरण्या पोरी त्याच्या रस्त्यात फुलं टाकायच्या. मीही एकदा टाकली होती, तुझ्या बापाला माहीत नव्हतं.

आता हे पत्र कशाला, ते. फोनवर बोलता येत नाही कारण काफोआचा फोन सगळ्या घराला ऐकू जातो, आणि लावीनियालाही. फोलाऊची बायको मंगळवारच्या विमानानं सिडनीला येतेय चटया घेऊन, तिच्याबरोबर हे पाठवतेय. गेल्या रविवारी पेनीनं फोन केला. मी नुसतं म्हटलं, बाळा, नको वाटत असेल तर नाही म्हण. आधी लेसीएलीबद्दलच सांगत बसला. मग म्हणाला, "आजी, मी नाही म्हटलं तर जन्मभर म्हणतील, घाबरला." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला गं! तो नाही म्हणू शकत नाही. बाप नाही म्हणणार नाही. मी आईच्या नात्यानं काफोआला कितीही बोलले तरी ती म्हातारीची बडबड. पण या दीडशहाण्यांनी सरदारांना विचारलं, पाद्रीबाबांना विचारलं, मला विचारलं, आणि आत्याला विचारायचंच विसरले! तू परदेशात म्हाताऱ्या माणसांची अंथरुणं बदलतेस म्हणून त्यांना वाटलं, ती कुठे मोजायची. आठवण करून द्यायला मी काय वेडी आहे? आणखी कोनफळ वाढलं त्यांना.

तुला हे सांगावं लागतंय याचाच मला वैताग येतो. लग्न असो, मयत असो, भावाच्या मुलांच्या कुठल्याही प्रसंगात सगळ्यांत वर आत्या बसते, आणि त्यांच्या घरातलं तिनं जे उचललं ते तिचं. विचारायचंसुद्धा नसतं. तू पेनीच्या लग्नातल्या उंची चटया परत करून आलीस! "आई, जुन्या गोष्टी आहेत, पेनी मोठा झालाय" म्हणालीस. मी आठवडाभर तोंड दाखवलं नाही कुणाला. आयुष्यात तू त्याच्याकडून काहीच घेतलं नाहीस, एवढं तरी घे. लढत पक्की करायला सगळे आमच्या घरी जमणार आहेत, त्या दिवशी पेनीही येणार आहे. हावेआच्या सांगण्यावरून त्याचे हातमोजे मधल्या चटईवर ठेवणार आहेत, पाद्रीबाबांच्या आशीर्वादासाठी. तू फक्त आत ये, वर बस, आणि ते हातमोजे उचलून आपल्या मांडीवर घे. भाषण करू नकोस, हावेआ भाषणात तुला हरवेल. नुसतं घे. तू बसलीस की काफोआला रीतीप्रमाणे बहिणीचा मान राखून अंगणात जावं लागेल, म्हणजे त्याची तर कटकट नाहीच. आणि आत्यानं घेतलेलं परत माग असं पेनीला कोण म्हणेल? सालेसी रेडिओवर काय सांगेल, की घाबरला? सांगू दे की, आत्यानं नेले. यात हरणं कुठे आहे? पेनी तुझ्याकडे बघेल, मला माहीत आहे, तसाच बघेल जसा बादलीवरून बघायचा. आणि मग खाली बसेल, सुटल्यासारखा. तुझ्यासाठी बारीक पातीची चटई विणायला घेतली आहे मी, वर बसणाऱ्या बाईला शोभेल अशी. या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी, दुपारच्या आत, डुक्कर घेऊन येतो म्हणून गेलेत सगळे.

तुझीच वैतागलेली आणि फार खूश असलेली आई,
सेला