तीन ते चार

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज खोटं बोलले. इथं लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःलाच वेगळं काहीतरी सांगेन.

विमलमावशींचं हार्टचं ऑपरेशन होतं, ठाण्याला. नात्याच्या कुणी नाहीत, पण लहानपणी चर्चच्या शब्बाथ शाळेत मला गुडघे टेकून प्रार्थना करायला त्यांनीच शिकवलं. चर्चच्या मंडळीनं साखळी प्रार्थना ठेवली होती. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा जण, एकेकाला एक तास. आपापल्या जागी बसून करायची, तास संपला की ग्रुपवर ‘झाली’ टाकायचं, मग पुढच्यानं धरायची. यादी मीच केली, सेक्रेटरी ना मी. माझा तास तीन ते चार. जेवणानंतर गोडाऊनमधलं माझं काम जरा थंडावतं म्हणून मुद्दाम मागून घेतला.

एकला मेसेज आला, ऑपरेशन झालं, नीट झालं. मी सैल पडले. पावणेतीनला दोन ट्रक एकाच दाराशी लागायला आले, त्यात एकाचे कागद चुकीचे. ड्रायव्हर ‘मॅडम, खाली कब होगा’ करत डोक्यावर बसलेला. मी त्याच्यावर ओरडले, तो माझ्यावर. मग एकदम डेव्हिडकाकांचा मेसेज, करुणाबाई, झाली का? चारनंतरचा तास त्यांचा. घड्याळात चार वाजून दोन मिनिटं.

टाइप केलं: झाली. प्रभूची स्तुती असो.

एका शब्दाची प्रार्थना केली नव्हती. आठवणसुद्धा झाली नव्हती. आणि वर ते ‘स्तुती असो’ कशाला, कुणी मागितलं होतं?

सहाला रेखाचा फोन. रेखा मावशींची भाची, त्यांच्याजवळच राहते. साडेतीनच्या सुमारास आतून रक्तस्राव सुरू झाला, पुन्हा उघडावं लागलं. आता मशीनवर आहेत.

साडेतीन.

१४ नोव्हें., शुक्र.

कामावर गेले. पावतीवर केलेली सही माझी वाटेना. मुकादम पांडूदादा म्हणाला, ताई, जेवली न्हाय काय, तोंड बघ कसं झालंय. जेवले होते. सगळं उलटून पडलं.

अक्कल सांगते, रक्तस्राव टाक्यांमुळे होतो, तुझ्यामुळे नाही. बाकी अकरा जण बसले होते की. अक्कल दिवसभर हेच सांगतेय. ऐकतं कोण.

मावशी तशाच. नवऱ्याला, दिलीपला, काही बोलले नाही. तो म्हणाला, बीपी बघून घे.

१६ नोव्हें., रविवार

सकाळी आठला शब्बाथ शाळा. मग उपासना, त्यात घोषणा माझ्या. मग नाताळच्या गाण्यांची प्रॅक्टिस, मग स्त्रीसंघ, चारला शिबिराची मीटिंग. घरी सहाला. विश्रांतीचा दिवस म्हणे.

पाळकसाहेब संदेशात म्हणाले, “साखळीची एकही कडी तुटली नाही, म्हणून आपली बहीण आज जिवंत आहे.” सगळे आमेन म्हणाले. माझं आमेन जरा जास्तच मोठं निघालं, पुढच्या बाकावरच्या दोघींनी वळून बघितलं.

आता हे डोक्यातून जात नाही. न तुटल्यामुळे जिवंत असतील, तर तुटलीये हे वर माहीत आहेच ना? तिथं काही ग्रुप बघून ठरवत नाहीत. मग आज काय, उद्या काय. फोन वाजला की प्रत्येक वेळी वाटतं रेखाचाच.

१८ नोव्हें., मंगळ.

मशीन काढलं! मावशी स्वतःहून श्वास घेतायत. रेखा फोनवर रडली, मीही रडले. रडता रडता मनात आलं, सुटले बाई. मावशी नव्हे, मी. इतकी लाज वाटली की रेखाला फोनवर तसंच बोलत ठेवून बाथरूममध्ये गेले.

येताना अंजूरफाट्याला सिग्नलवर डोळे मिटले. मागच्या कंटेनरनं हॉर्न दिला तेव्हा जाग आली. वळच्या गोडाऊनपासून तिथवर स्कूटी कशी आणली, काही आठवेना. बाजूला उभी केली, दहा मिनिटं नुसती बसून होते.

दिलीपला सांगावंच लागलं. म्हणाला, कशातून तरी सुटी घे. मी म्हटलं, गोडाऊनमधून मिळत नाही आणि देवाच्या कामातून कशी घेऊ. तर म्हणतो, “मी देवाच्या म्हटलं नाही. मंडळीच्या म्हटलं.” असा राग आला त्याचा. नेहमी चर्चच्या दारातून परत फिरणारा माणूस, आणि बोलतो कसं.

२२ नोव्हें., शनि.

शिबिर झालं. नाव ‘विसावा’. दमलेल्या सेवकांसाठी एक दिवस एकांताचा, वज्रेश्वरीच्या रस्त्याला एका शेतघरात. बस मी ठरवली, जेवण मी, सतरंज्या मी, बॅनरसुद्धा मी. साडेपाचला उठले विसाव्यासाठी.

अकरा ते बारा मौन. फोन टोपलीत टाकायचे, प्रत्येकानं एकेकटं झाडाखाली बसायचं, काही मागायचं नाही, नुसतं देवासमोर. मला चिकूचं झाड मिळालं. डोळे मिटले.

पहिलं मिनिट बरं गेलं. मग आजूबाजूला सगळं शांत झालं की तेच समोर येतं, मोबाईलवर ‘झाली’ टाइप करणारा माझाच अंगठा. वाटलं आता कुणीतरी माझं नाव घेईल, आणि ते पाळकसाहेब नसतील. उठले, सरळ स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरायला बसले. स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, अहो, कांदे झालेत की सगळे. मी म्हटलं, आणखी द्या.

समारोपात पाळकसाहेब म्हणाले, करुणाबाईंना सेवेतच विसावा मिळतो. टाळ्या. मी हसले. दात दुखेपर्यंत हसले.

गेले सात महिने समजत होते, मी दमलेय म्हणून एकटीची प्रार्थना होत नाही. उलटच आहे. मी दमणं थांबवतच नाही, कारण थांबले तर...

२५ नोव्हें., मंगळ.

मावशी घरी आल्या. शेलारला त्यांच्या घरी जाऊन आले.

केवढ्याशा झाल्यात. गळ्यापासून खाली टाके, आवाज पार आत गेलेला. शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाट भिंतीतून येतो, त्यात त्यांचं बोलणं ऐकायला वाकावं लागतं. मला बघून उजळल्या. उशीखालून कागद काढला. माझीच यादी, रेखानं मोठ्या अक्षरात लिहून दिलीये. म्हणाल्या, आता मी उलटी साखळी चालवते. ज्याचा जो तास, त्या तासाला त्याच्यासाठी प्रार्थना. सहाला सुरू करतात. “तुझ्या तासाला मात्र दुपारची गोळी असते, डोळा लागतो गं. तेवढं माफ कर.”

माझ्याकडे माफी मागतात!

मग म्हणाल्या, पाळकसाहेबांनी सांगितलं, मला पुन्हा उघडलं ना, तेव्हा तू प्रार्थनेत मला धरून बसली होतीस. माझा हात हातात घेतला. त्यांचा हात ऊबदार होता, माझा गार. मी म्हटलं, मावशी, आराम करा. चहा न घेताच निघाले.

दारात रेखा म्हणाली, डॉक्टरांनी बजावलंय, मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, हृदय अजून नाजूक आहे.

म्हणजे सांगायचीही सोय नाही. सांगितलं आणि त्यांना काही झालं तर? तेही माझ्याच हातून.

२७ नोव्हें., गुरु.

पाळकसाहेबांचा फोन. रविवारी उपकारस्तुतीची उपासना आहे, साखळीतल्या सगळ्यांनी माईकवर साक्ष द्यायची, आपल्या तासाला काय अनुभव आला त्याची, दोन-दोन मिनिटं. तुम्ही शेवटी, म्हणाले, तुमचा तास महत्त्वाचा. मावशींना रिक्षानं आणणार आहेत, पहिल्या बाकावर बसवणार. मी हो म्हटलं. माझ्या तोंडातून नाही हा शब्द येतच नाही, देवानं दिलाच नसावा.

दिलीपला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. हसला नाही, पण म्हणाला, देव काय हजेरीबुक तपासतो का? दिलीपला नाही कळणार. हजेरीची भीती नाही मला. मी देवाच्या नावानं खोटं बोलले, मावशींनी त्या खोट्यावर भार टाकला, आणि आता पाळण्यातल्या पोरासारख्या निर्धास्त पडून आहेत.

दुपारी तीनला गोडाऊनच्या रेकॉर्ड रूममध्ये शिरले, आतून कडी लावली. म्हटलं आज तरी बसायचं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसले. पहिल्यांदा तोंडात आली ती सगळी सवयीची वाक्यं, स्टेजवर म्हणते तीच. बंद केली. मग काहीच नाही. शेवटी मोठ्यानं म्हटलं, मला भीती वाटते. तुझी वाटते. पुन्हा तेच, तीन-चार वेळा. बाहेरून पांडूदादानं दार वाजवलं, ताई, कोण हाय आत तुझ्यासंग?

कुणी नाही, म्हटलं. मग तेही खरं की खोटं कळेना.

सात महिन्यांत पहिल्यांदा देवाशी काहीतरी खरं बोलले. बरं वाटलं असं नाही. पण संध्याकाळी साडेसातला आडवी झाले ती शुक्रवारी सकाळीच उठले, उठून हे लिहितेय. लेकीनं, जुईनं, बारावीचा अभ्यास सोडून वरणभात लावला म्हणे, बापलेक दोघंच जेवली.

२८ नोव्हें., शुक्र.

ठरवता येत नाही. रविवारी माईकवर खोटं बोलायचं, की मावशींसमोर माईकवर खरं बोलायचं. दुसरं तर क्रूरपणा होईल. गप्प राहायचं? आजारी पडायचं? नाताळची प्रॅक्टिस आज मी घेणार नाही असा मेसेज टाकला. कारण लिहिलं नाही. सतरा जणांनी विचारलं काय झालं. एकालाही उत्तर दिलं नाही, त्याचीच एवढी धास्ती की फोन पिठाच्या डब्यामागे ठेवला.

मावशींना आधी कळायला हवं. माईकवरून नाही, माझ्याकडून, घरात. धक्का बसेल. पण न सांगता त्यांना पहिल्या बाकावर बसवणं, ते बघवणार नाही.

मला माझं ओझं उतरवायचंय म्हणून तर मी हे ठरवत नाहीये? असेलही.

२९ नोव्हें., शनि.

अर्धा दिवस रजा. अकराला शेलारला पोचले. रेखाला आधी बाहेर गाठलं, म्हटलं, मला मावशींना असं काही सांगायचंय की ते त्यांना लागेल. तिनं माझ्याकडे बघितलं. विचारलं, लपवलंत तर कळणार नाही का त्यांना? म्हटलं, कधीच नाही कळणार. ती म्हणाली, मी दारात उभी राहते. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र तिनं मावशींच्या बोटाला लावलं, मगच मला आत सोडलं.

बसलेच नाही. बसले असते तर भलतंच काहीतरी बोलले असते.

म्हटलं, “मावशी, त्या दिवशी माझ्या तासाला मी प्रार्थना केली नाही. एक शब्दही नाही. विसरले. आणि झाली म्हणून खोटं टाकलं.”

मी त्या यंत्रावरच्या नाडीच्या आकड्याकडे बघत राहिले, चेहऱ्याकडे बघायची छाती झाली नाही. आकडा वर गेला. आणखी वर. रेखा एक पाऊल आत आली. मला वाटलं झालं, मारलं मी त्यांना, खरं बोलून मारलं. मग आकडा हळूहळू खाली आला. मावशींनी यंत्र स्वतःच काढून बाजूला ठेवलं, पाणी मागितलं, दोन घोट प्यायल्या. म्हणाल्या, “जा तू आता.”

गेले. चपला घालत होते, पट्टा सापडत नव्हता, डोळ्यांत पाणी. आतून हाक आली. करुणा. लूमच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून दारापर्यंत परत गेले. त्या माझ्याकडे नाही, वर पत्र्याकडे बघत होत्या.

“मग त्या तासाला मला कुणी धरलं होतं?”

रागानं विचारलं की घाबरून, की आणखी कशानं, आवाजावरून कळलं नाही. अजूनही कळत नाही. मी म्हटलं, ठाऊक नाही, मावशी. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, पण आता मला नव्हे, अगदी सावकाश, त्या पत्र्यालाच.

जा म्हणाल्या होत्या, पण मी परत आत जाऊन पलंगाशी बसले. पाळकसाहेबांचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले. मावशींनी डोळे मिटले नाहीत, माफ केलं असंही म्हटलं नाही. मला भीती वाटतच होती. पण उठून पळावंसं वाटलं नाही.