जोडीतली दुसरी रॅम

३ नोव्हेंबर, सोमवार

१. पप्पांनी धुळ्याचं टायपिंगचं दुकान रिकामं केलं.
२. भंगारात काढलेला १९९६ चा कॉम्प्युटर मी जळगावला आणला.
३. सुरू होत नाही. थांबून थांबून लांब बीप. म्हणजे मेमरी.
४. आत एकच रॅम. बहात्तर पिनांची, आठ एमबी. हा बोर्ड जोडीशिवाय चालत नाही. दुसरी जागा रिकामी.
५. पप्पा म्हणतात, "ती जळाली होती. तेव्हापासून बंदच आहे. देऊन टाक."

आणला तो बेबाबाई आत्यामुळे. सामान बांधताना ती म्हणाली — "तुनी माय गयी त्या दिनबी तठेच बशीसन टाइप करी ऱ्हायनी व्हती."

मी तेव्हा तीन वर्षांची. आई काही न सांगता घर सोडून गेली, एवढंच पप्पांनी सांगितलं. म्हणून मी कधी शोधलं नाही.

४ नोव्हेंबर

डिस्क काढून कामावरच्या लॅबमधल्या मशीनवर लावली. माझ्या नावाची फाइल आहे! तारीख ९ जून १९९९. उघडली तर नुसती चिन्हं. तेव्हाचं मराठी कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या कार्डाशिवाय दिसत नाही. म्हणजे तोच सुरू करायला हवा.

५ नोव्हेंबर

चार दुकानं. तिघे हसले. चौथा, हितेंद्र — "ताई, हा म्युझियमला द्या, तिकीट लावा." तरी डबा उपसून त्याने एक रॅम दिली. बसली. बीप तसाच. सोळाची निघाली. जोडीला आठचीच लागते. मी पिना मोजल्या, क्षमता तपासली नाही. चूक माझी.

आपल्या रॅमवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, शेजारी कोरलेलं १४. हितेंद्रने लगेच ओळखलं. "धुळ्याचे कॉम्प्युटरवाले कौतिक आबा. वॉरंटीची खूण. जोडीला एकच नंबर टाकतात."

८ नोव्हेंबर, शनिवार

धुळे. कौतिक आबा आता मिक्सर दुरुस्त करतात. रॅम हातात घेतली, चष्मा वर केला. "प्रेमराजनी पोर का तू? इतला दिन लागनात तुले!"

बिस्किटांच्या डब्यातून त्यांनी दुसरी काढली. लाल ठिपका. १४.

"ही जळाली होती ना?"

"कोन म्हने? चांगली शे. तुना पप्पानी सोता काढीसन आनी दिन्ही. म्हने, आबा, ठेव तुनापान, मनाथीन फेकाय नई."

"फेकवत नव्हती, तर काढून का दिली?"

"मी इचारं नई. तूबी मले इचारू नको."

मग पप्पांकडे चहा. त्यांनी विचारलं, "रॅम मिळाली का?"

"मिळाली."

"चालायची नाही ती."

"चालेल. आबांकडची आहे."

त्यांनी कप बशीत ठेवला. पुन्हा उचलला नाही. मी जळगावची बस धरली.

९ नोव्हेंबर

दोन्ही बसवल्या. पडद्यावर आकडा चढत गेला, सोळा एमबीवर थांबला. फाइल उघडली. पत्र पप्पांना आहे. पूर्ण उतरवते.

"ऋतिकाला ताप आहे म्हणून आज तिला नेत नाही. प्रवासात वाढेल. मी भडगावला ज्योतीकडे आहे. ताप उतरला की तिला पोचवा, नाहीतर मला परत बोलवा. दोन्हीला माझी तयारी आहे. शनिवार १२ जूनपर्यंत कळवा. — रत्ना"

छापलेला कागद पप्पांना मिळाला होता का? आज फोनवर विचारलं. "मिळाला होता," म्हणाले. उत्तर? "दिलं नाही." मग — "तुला पोचवलं असतं तर तू परत आली नसतीस."

मी फोन ठेवला.

१० नोव्हेंबर

आत्याकडून ज्योती मावशीचा पत्ता घेतला. आईला पत्र भडगावला स्पीड पोस्टाने पाठवलं. ही नक्कल.

"आई, तुझं पत्र काल वाचलं. ताप उतरला आहे. मी येऊ का? शनिवार २२ नोव्हेंबरपर्यंत कळव. — ऋतिका"