तासाची मुदत

४ फेब्रुवारी

चि. ठकीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी खोली गार आहे म्हणतेस, तर जाड मोजे घाल. प्रयोगशाळेत कुणी पायांकडे बघत नाही.

इथलं काय सांगू? आईला जाऊन आज चाळीस दिवस झाले आणि बाबांच्या डोळ्यांत मी अजून पाण्याचं टिपूस पाहिलेलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी खाली दुकान उघडलं आणि लोकांच्या खुर्च्यांना वेत विणत बसले. जेवतात, झोपतात, वर भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगतात. आईची ती खोलगट झालेली खुर्ची मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. वेत विणणाऱ्याच्या घरात तीन वर्षं तीच खुर्ची फाटकी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काल मला राहवलं नाही. तुम्ही माणूस आहात की दगड, असं तोंडावर विचारलं. ते म्हणाले, वेत भिजलाय, वाळायच्या आत विणायला हवा. आणि खाली गेले.

माझं ठरलं आहे. महिनाअखेर मी माझ्या घरी परत जाते, आणि पुन्हा या दारात येणार नाही हे त्यांना सांगून जाणार आहे. तू दोन दिवस राहून गेलीस म्हणून तुला हे बघावं लागत नाही. रागावून लिहिते आहे, पण तुझ्यावर नाही. तुझ्यावर लोभच आहे.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

ठकीचा शि. सा. नमस्कार. मोजे घातले.

महिनाअखेरची घाई करू नकोस, एवढ्यासाठीच लिहिते. तुझं पत्र आलं त्या दुपारी माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी ऐक.

पाव फुगवणारं यीस्ट असतं ना, त्याच्या पेशींवर मी खारट पाणी सोडते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं चित्रण करते. पेशीला त्रास जाणवला की ती आतल्या आत निरोप धाडते, तेव्हा तिच्यात एक ठिपका चमकतो. पूर्वी सगळे लोक लाखो पेशींची एकत्र सरासरी काढायचे. त्यात सगळ्या शहाण्यासारख्या एकदम उजळून हळूहळू विझतात असं दिसायचं. एकेक पाहिली तर तशी वागणारी क्वचितच. सगळ्या एकाच पेशीच्या लेकी, पाणीही तेच, पण कुणी लगेच चमकते, कुणी चारचारदा लुकलुकते (तिला मी ताई म्हणते, रागावू नकोस), कुणी ढिम्म. तासाभरात जी चमकली नाही तिच्यावर मी मेलेली म्हणून काट मारायचे.

त्या दिवशी तुझं पत्र घेऊन मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले आणि कॅमेरा बंद करायचा राहिला. नुसती बसले होते. पाच तासांनी परत आले, तर काट मारलेली एक पेशी चमकत होती. आणि चमकली ती सगळ्यांत जास्त वेळ. सर म्हणाले, सहा महिन्यांत जेवढ्यांवर काट मारलीत त्या सगळ्यांचे प्रयोग पुन्हा करा. म्हणजे आता माझी काही धडगत नाही.

माणूस म्हणजे पेशी नव्हे, एवढं मलाही कळतं. पण तासाची मुदत मी घातली होती, तिने नाही. बाबांना चाळीस दिवसांची कुणी घातली? अजून महिनाभर थांब. मग हवं तर तुझ्या बाजूने भांडायला मीही येईन.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच असू दे, त्यातला थोडा बाबांना दे.

तुझी ठकी

१५ मार्च

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद, आणि चारचारदा लुकलुकणारीबद्दल एक धपाटा.

मी थांबले. पेशींसाठी नाही, तू कधी काही मागत नाहीस म्हणून.

गेल्या सोमवारी दुपारी बाबांनी न सांगता आईची खुर्ची खाली नेली. वेत भिजत घातल्याचं मी वरून पाहिलं. मग चहाच्या वेळीही ते वर आले नाहीत, म्हणून मी खाली गेले. खुर्ची उलटी ठेवलेली होती. बैठकीला खालून आईने चिंध्या बांधल्या होत्या. तुटलेला एकेक वेत सुतळीने आवळलेला, गाठीवर गाठ. तीन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, एवढी विणून द्या, आणि बाबा म्हणाले होते, बघतो. ते जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडत होते. तिने दुसऱ्यांदा विचारलंच नाही, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी त्यांना दगड म्हणाले होते त्याची मला फार लाज वाटली. तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, हे टोक धर. मी धरलं. आठवडाभर आम्ही असेच विणत होतो, ते रडत रडत आणि मी त्यांच्याकडे बघत. भाजीत मीठ आहे की नाही याची आता त्यांना शुद्ध नसते. चिंध्या धुऊन कपाटात ठेवल्या आहेत.

काल तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. त्यांत मोजे आहेत, पेशी आहेत, सर आहेत, बाबा आहेत. आईचं नाव एकदाही नाही. पाच तास पायऱ्यांवर तू काय करत होतीस हे मी विचारत नाही. पण सवड काढून ये.

बाबा शेजारी बसलेत. लिही म्हणतात, खुर्ची तयार आहे, पण अजून कुणाला बसू दिलेलं नाही. पहिली ठकी बसेल, आणि किती वेळ ते तिला कुणी विचारायचं नाही.

दोघांचाही तुझ्यावर फार लोभ आहे.

तुझी ताई