आमच्या ओढ्याचा गाळ

४ फेब्रु.
तलावावर तिसरा दिवस. गाळ मोजणं चालू. आमच्या गावाकडून येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी जुन्या नकाशात चांगलं खोल पाणी. आज तिथं होडीच रुतली. खोली मोजायच्या मशीनवर विश्वास बसेना म्हणून बांबू घालून बघितला. तीनदा. होडीवाले मल्लप्पा हसले, "म्याडम, तळ्याला आनि किती येळा इचारनार? उत्तर त्येच की." चिडले त्यांच्यावर. उगाच.

५ फेब्रु.
पाइप ठोकून गाळ वर काढला. खाली काळी माती, वर हातभर तांबडी, मुरमाड. अशी माती त्या ओढ्याला एकाच ठिकाणची, आमच्या माळावरची. दादानं जेसीबी लावून गवत, बांध सगळं काढलं, उतारावर डाळिंब लावलं. पाऊस आला की माती थेट ओढ्यात. "माळ नुसता पडीक ठेवून काय करायचंय?" म्हणणारी कोण? मीच. मोठी शहाणी! सातबाऱ्यावर माझंही नाव आहे.

८ फेब्रु. रवि.
शहरात, शुक्रवार पेठेतली माझी खोली. दिवसभर कुणाशी शब्द नाही. कडक भाकरी दह्यात मोडून खाल्ली. संध्याकाळी दादाचा फोन. आई गेल्यापासून दर रविवारी करतो, तेवढंच माहेर उरलंय. सांगून टाकलं.
"तायडे, दुसरा वढा घावला न्हाय व्हय तुला? मान्सं काय म्हनतील, सख्ख्या भनीनं..." अर्ध्यावरच फोन ठेवला.

११ फेब्रु.
साहेब म्हणाले, "सगळ्या ओढ्यांची सरासरी टाका की, कोण बघतंय." टाकली. मग पुसली. या तलावाचं पाणी गावंच्या गावं पितात. माती कुठनं येते तेच लपवलं तर बांध कोण घालणार? पण दादाला कसं समजवू... जेवण गेलं नाही.

१५ फेब्रु. रवि.
फोन नाही. चारदा बघितलं, रेंज आहे. रडू आलं, रडले.

१७ फेब्रु.
अहवाल दिला. ओढा, माळ, डाळिंब, सगळं लिहून. लोकांकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून फोन लावला. उचलला! मागं ट्रॅक्टर चालू.
"दादा, लिहिलं मी. रविवारी येते, बांध घालू लागते तुला."
ट्रॅक्टर बंद झाला. या वेळी मात्र त्यानं फोन ठेवला नाही.