फळीवरच्या बांगड्या

भैरववाडी, जि. सातारा
१५ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. अंजनास, आबाचा तोंडभर आशीर्वाद.

दिवाळीला आली न्हाईस. जावईबापूंचं पत्र आलं, मोटार रिवायंडिंगची कामं तुंबलीत, सवड न्हाई. असू दे. धाकल्या जयराजचं अमेरिकेतनं पत्र हाय. मित्राबरोबर तुला कॅमेरा पाठवलाय म्हणे. फ्लॉपीवर फोटो काढतो, वर मिनिटभराची हलती क्लिपबी काढतो. इंटरनेटवर त्यानं घरच्यांसाठी फोटोंचा अल्बम उघडलाय. तू सांगलीतनं टाकायचं, त्यानं तिकडं बघायचं आन् मी साताऱ्याला कॅफेत जाऊन बघायचं. मी काय रिकामा बसलोय व्हय?

इकडं एकच बातमी. पाण्याच्या पाळीवरनं कोंडीबानं पाट फोडला. त्याला बांधावरच आडवा केला. त्याचे दोन दात पडले, माझी काठी मोडली. फौजेत अठ्ठावीस वर्सं काढली, एक शिकलो. हात उचलल्याबिगर माणूस सीधा होत न्हाई. तुझ्या आईला इचार म्हणलो असतो, पर ती ऱ्हायली न्हाई. मी रागात गेटातनं आत आलो की बया बांगड्या काढून फळीवर ठिवायची. कासाराचा खर्च वाचवते म्हणायची! लय गमतीची बाई.

हल्ली तुझ्या पत्रात दोनच ओळी असतात. सविस्तर लिहीत जा, न्हाईतर म्हाताऱ्याशी कट्टी केलीस असं धरून चालंन.

तुझा आबा,
सुभेदार नानासो

सांगली
२४ नोव्हेंबर

तीर्थरूप आबांस, अंजनाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

हे पत्र शेजारच्या राहीबाईंच्या घरात बसून लिहितेय, पेटीत टाकणारही त्याच. आजवर माझं एकही पत्र यांनी वाचल्याशिवाय पेटीत पडलं नाही. म्हणून दोन ओळी.

दिवाळीत कामं तुंबली नव्हती, माझा डोळा सुजून बंद झाला होता. चकल्या तळताना तेल उडालं, झारा हातातून पडला, तर तोच तापलेला झारा यांनी माझ्या दंडावर टेकवला. कातडी झाऱ्याबरोबर आली. गेल्या सोमवारी डोकं भिंतीवर आपटलं, कारण कढीत मीठ जास्त. दोनदा मी माहेरी पळून आले, दोनदा तुम्ही स्वतः एसटीत बसवून मला परत धाडलंत. म्हणालात, डोळ्यांनी बघितल्याशिवाय जावयावर बोट ठेवणार नाही.

मग बघा. कॅमेरा मी फळीवर डब्यांच्या मधे ठेवते. त्याच्या लाल दिव्यावर टिकली चिकटवलीय. यांना वाटतं, फ्लॅशचा लख्ख उजेड पडला तरच फोटो निघतो. दुपारी हे दुकानात गेले की फ्लॉपी पदरात लपवून कॅफेत जाते. एक क्लिप अल्बमात चढायला अर्धा तास लागतो, तोवर जीव मुठीत. तीन चढवल्यात. उघडायचा परवलीचा शब्द आईचं नाव आहे. जयराजनं बघितल्या, रडला म्हणून कळवलंय, पण तो पडला सातासमुद्रापलीकडं. तुम्ही चार तासांवर आहात. आबा, हे मला एक दिवस मारून टाकतील. मला न्यायला या.

तुमची,
अंजना

भैरववाडी
१ डिसेंबर

चि. सौ. अंजनास, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. घरातलं उणंदुणं थेट अमेरिकेत नेऊन मांडलंस? उद्या कुणीबी ऐरागैरा कॅफेत बसून बघंल, सुभेदाराची लेक कशी मार खाती ते. जयराजला म्हणावं समदं पुसून टाक. मी असलं बघणार न्हाई, ह्यो माझा हुकूम समज.

पुरुषाचा हात जातो कवा कवा. झाऱ्याचं मातर लय झालं. म्हणून पाठीमागं कुजबूज न करता मी थेट नाथाजीरावांनाच पत्र टाकलंय. माझ्या लेकीला चटके दिलेत तर गाठ माझ्याशी हाय, आन् फळीवरचा त्यो कॅमेरा आधी काढून घ्या, घराची अब्रू चाललीय, असं रोखठोक लिवलंय. आता बघ कसे शिस्तीत ऱ्हातील. गडी माझ्या शब्दाभाईर न्हाई.

जिवाला जप. अंगावर गोडतेल लाव.

तुझा आबा

सांगली
९ डिसेंबर

आबांस नमस्कार.

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर लागलं नाही तर राहीबाईंनी खाली परत लिहून दिलंय.

तुमचं पत्र यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. मग फळीवरून कॅमेरा काढला आणि दुकानातल्या हातोडीनं फोडला. मग माझा उजवा हात ओट्यावर दाबून धरला. त्याच हातोडीनं तीन बोटं मोडली. तिसऱ्याला मी ओरडायचीही थांबले होते. तुम्ही लिहिलं नसतंत तर यांना कळलं नसतं, आबा. हे मी जन्मभर म्हणणार.

कॅमेऱ्याबरोबर सगळं फुटलं असं यांना वाटतंय. क्लिपा अल्बमात आहेत, तिथवर हातोडी पोचत नाही. निदान शेवटची बघा. नाहीतर पुढचं पत्र राहीबाईंचं येईल, माझं नाही.

अंजना

सातारा
१४ डिसेंबर

अंजना,

आज आशीर्वाद लिवायला हात धजत न्हाई. हे पत्र राहीबाईंच्या पत्त्यावर टाकतोय, आता अक्कल आली.

पोवई नाक्यापाशी कॅफे हाय, तिथंच बसून लिवतोय. चालवणाऱ्या बाईंनी परवलीचा शब्द इचारला. तुझ्या आईचं नाव मी सबंध संसारात तोंडातनं काढलं न्हवतं. अगं, ए, एवढंच. आज परक्या बाईला एकेक अक्षर सांगावं लागलं.

क्लिप सुरू झाली. आवाज न्हवता, चित्र अडकत होतं. तू फळीपाशी आलीस. तोंड दिसंना, नुसते हात. चार बांगड्या काढल्यास, एकेक, सावकाश, आन् कॅमेऱ्याच्या पुढ्यात ठिवल्यास. मग मागं जाऊन भिंतीला टेकून उभी ऱ्हायलीस, तयार. त्यानं कमरेचा पट्टा काढला. पुढचं समदं मी त्या बांगड्यांच्या गोलातनं बघितलं. तू पडलीस, त्यानं पोटात लाथ घातली, केस धरून उठवलं, परत पाडलं. मिनिट संपलं तवाबी त्याचा हात वरच होता.

पर पोरी, मी त्याच्याकडं बघतच न्हवतो. बांगड्या काढायला तुला कुणी शिकवलं ते मला ठावं हाय. दाराआड उभी ऱ्हाऊन तू बघायचीस. तीस वर्सं मी त्याची गंमत सांगत फिरलो. तुझ्या आईला काचा रुतू नयेत म्हणून ती काढायची, हे मला आज कळलं असं लिवलं तर खोटं हुईल. कळत हुतं.

पहिल्यांदा वाटलं, कुऱ्हाड घिऊन यावं आन् त्याचे दोन्ही हात उतरवावेत. बराच येळ तेच डोक्यात हुतं. पर मारायला गेलो तर तुला कोण आणंल? गुरुवारी येतो. काठीबी आणत न्हाई. सामान बांधत बसू नको, नुसती चल.

तुझा बाप

भैरववाडी
२३ डिसेंबर

चि. जयराजास, ताईचे अनेक आशीर्वाद.

गेल्या गुरुवारी आबा आले. नाथाजीनं (आता मी नावच घेते) दारातच पाना उचलला आणि आबांचं कपाळ फोडलं. आबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले, परेडला उभे राहतात तसे, आणि तिथंच थांबले. रक्त मिशीवरून सदऱ्यावर गळत होतं. दुसरा घाव कानावर बसला तरी हात पुढं आले नाहीत. मला एवढंच म्हणाले, चप्पल घाल. तिसरा बसायच्या आत राहीबाईंनी ओरडून सगळी गल्ली गोळा केली. कपाळाला सात टाके आहेत. दवाखान्यात लोकांना सांगतात, बैलानं मारलं. अजून खोड जात नाही बघ!

पोलिसांना कॅफेत नेऊन तुझा अल्बम दाखवला, फिर्याद घेतली. क्लिपा पुसू नकोस, आबांचाच निरोप आहे.

काल एक झालं. आबा मळ्यातून आले, गेटात आडव्या पडलेल्या कुत्र्यावर खेकसले आणि माझा प्लास्टरमधला हात आपसूक डाव्या हातातल्या बांगड्यांकडं गेला. एक निघालीसुद्धा. आबांनी ते बघितलं. वळून गेटाबाहेर गेले आणि मी जेवायला हाक मारीपर्यंत तिथंच उभे राहिले.

तुझ्या जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस, आणि आम्हां दोघांवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
अंजनाताई